वाचकांचे प्रश्न: कुत्र्याला गवतातला लाल बॉल का सापडत नाही?

मागच्या अंकात मांजरीचे डोळे रात्री का चमकतात यावर चार ओळींचं उत्तर दिलं होतं, की डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परत फिरवणारा एक थर असतो वगैरे. त्यानंतर जे प्रश्न आले ते जवळजवळ सगळे रंगांवरच. कुठल्या प्राण्याला कुठले रंग दिसतात, कोणाला जास्त दिसतात, आणि हे कळतं तरी कसं. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आपला प्रश्न शब्दशः दिसला नाही तर रागावू नका.

प्रश्न: आमच्या कुत्र्याला लाल बॉल टाकला की तो गवतात नाक घासत फिरतो, बॉल समोर पडलेला असतो तरी. निळा बॉल मात्र धावत जाऊन उचलतो. कुत्र्यांना सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसतं ना, मग हा फरक कसा काय?

ब्लॅक अँड व्हाइटवाली गोष्ट तुमच्या कुत्र्यानेच खोटी पाडली की! खरंच सगळं करडं दिसत असतं तर तो निळ्या बॉललाही असाच चाचपडला असता.

आधी डोळ्यात काय होतं ते बघू कारण पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात, दंडपेशी अंधुक उजेडासाठी आणि शंकूपेशी रंगांसाठी. माणसाच्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देणाऱ्या (आकडा लहान तेवढा निळ्या-जांभळ्याकडचा, मोठा तेवढा लालकडचा). आता इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे एकटी शंकूपेशी स्वतः रंगांधळी असते. तिला फक्त एवढंच सांगता येतं की माझ्यावर इतका प्रकाश पडला. तिच्या आवडीच्या रंगाचा थोडा प्रकाश आणि नावडत्या रंगाचा भरपूर प्रकाश, दोन्हीचा सिग्नल तिच्याकडून सारखाच जातो. रंग तयार होतो तो वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींच्या सिग्नलची तुलना केल्यावर, म्हणजे हा हिशोब आधी डोळ्यातल्या नसांच्या जाळ्यात आणि मग मेंदूत होतो. त्यामुळे 'बॉल मुळात लाल आहे, कुत्र्याला तो चुकीचा दिसतो' असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही, बॉलवरून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत येतो एवढंच खरं, लाल हे आपल्या डोक्यातलं.

कुत्र्याकडे शंकूपेशी दोनच प्रकारच्या. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कुत्र्यांना ट्रेनिंग देऊन हे मोजलं, एक प्रकार ४२९ नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरा ५५५ च्या आसपास. म्हणजे निळं आणि पिवळं त्याला मस्त वेगळं कळतं पण हिरव्यापासून लालपर्यंतचा सगळा पट्टा एकाच पेशीच्या भरवशावर, तुलना करायला दुसरी पेशी तिथे जवळपास नाहीच. लाल बॉल आणि हिरवं गवत यात त्याला उरतो तो फक्त उजळ-काळपटाचा फरक. मग बिचारा नाकाने शोधतो, जे तसंही त्याच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी भारी आहे. तेव्हा निळाच बॉल घेत जा. बाजारात कुत्र्यांची एवढी खेळणी लाल-केशरी का असतात तर ती पसंत करणारे आपण असतो, कुत्रा नाही.

प्रश्न: माशी किंवा कुत्रा काही बोलून सांगत नाही, मग त्यांना अमुक रंग दिसतो हे शास्त्रज्ञ इतकं छातीठोक कसं सांगतात? मला तर हे अंदाजपंचे वाटतं.

हा मला या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न. शंका बरोबर आहे, आणि शंभर वर्षांपूर्वी यावरून चांगलंच भांडण झालेलं आहे.

कार्ल फॉन हेस नावाचे जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ ठामपणे म्हणत होते की मासे आणि मधमाश्या पूर्ण रंगांधळ्या असतात, म्हणजे त्यांना फक्त उजेडाचं कमीजास्त कळतं. कार्ल फॉन फ्रिश तेव्हा तरुण होते, त्यांना हे पटेना, कारण मग फुलांनी एवढे रंग घेऊन करायचं काय? त्यांनी काय केलं, एका निळ्या कार्डावर साखरपाण्याची बशी ठेवली आणि मधमाश्यांना तिथे यायची सवय लावली. आता माशी निळ्या कार्डावर आली एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण रंगांधळ्या माशीलाही ते कार्ड एका ठरावीक करड्या छटेचं दिसणार आणि ती छटा ती लक्षात ठेवणार. म्हणून त्यांनी त्या निळ्या कार्डाभोवती पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या अनेक छटांची कार्डं मांडली, सगळ्यांवर बश्या पण रिकाम्या, आणि जागाही बदलत राहिले म्हणजे माशीने जागा पाठ केली असंही कोणी म्हणू नये. माशी रंगांधळी असती तर या करड्यांपैकी कुठलं ना कुठलं तरी कार्ड तिला निळ्यासारखंच दिसलं असतं आणि तिचा गोंधळ उडाला असता. तसं झालं नाही, माश्या सरळ निळ्या कार्डावर. हे त्यांनी १९१४ मध्ये छापलं. मग लाल कार्ड वापरलं तेव्हा मात्र माश्या गडबडल्या, लाल आणि गडद करडं यांची सरमिसळ करायला लागल्या. म्हणजे एकाच युक्तीने 'दिसतं' आणि 'दिसत नाही' दोन्ही कळलं. याच फॉन फ्रिशना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं (मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारेही तेच).

आजही प्राण्यांवरचे बरेच प्रयोग मुळात याच धर्तीचे असतात. कुत्र्यांच्या त्या प्रयोगात तीन प्रकाशाच्या चकत्या दाखवायचे, दोन सारख्या आणि एक वेगळी, वेगळीला नाक लावलं की खाऊ. फरक दिसत नसेल तर तीनात एकदा नशिबाने बरोबर येईल, त्याहून जास्त वेळा आलं तर दिसतोय. शिवाय आता शंकूपेशीतला रंगद्रव्याचा रेणू कुठली तरंगलांबी शोषतो ते थेट मोजता येतं, त्याची जनुकंही वाचता येतात. पण हे लक्षात ठेवा की यातून कळतं ते 'प्राण्याला कुठल्या दोन गोष्टींमधला फरक कळतो' एवढंच. त्याला तो निळा 'कसा वाटतो' हे यातल्या कशातूनही कळत नाही. 'कुत्र्याच्या नजरेतून जग' असे जे फोटो फिरतात ना, ते आपल्या डोळ्यांसाठी बनवलेले असतात, त्यातला पिवळा हा आपला पिवळा आहे.

प्रश्न: बैल लाल कपडा बघून खरंच चिडतो का?

नाही. गाईबैलांनाही शंकूपेशी दोनच प्रकारच्या, लालचं त्यांना विशेष काही नाही. स्पेनमधल्या बैलांच्या झुंजीत लाल कापड शेवटच्या टप्प्यातच बाहेर येतं, आधीचं मोठं कापड गुलाबी-पिवळं असतं आणि बैल त्यावरही तेवढ्याच जोरात येतो. तो हलणाऱ्या कापडावर धावतो. लाल प्रेक्षकांसाठी आहे.

प्रश्न: मधमाशीला आपल्याला न दिसणारा रंग दिसतो म्हणे. तो फुलावर नक्की कुठे असतो? आणि आपल्याला का दिसत नाही?

मधमाशीच्याही तीनच प्रकारच्या पेशी, पण आपल्यापेक्षा पूर्ण सरकलेल्या, साधारण ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटर. म्हणजे लालच्या टोकाला तिचं दुकान लवकर बंद आणि जांभळ्याच्या पलीकडे, अतिनील भागात, चालू. सूर्यफूल घ्या. आपल्याला पाकळ्या सगळीकडून सारख्या पिवळ्या दिसतात. पण पाकळीचं टोक अतिनील किरण परावर्तित करतं आणि बुडाकडचा भाग ते शोषून घेतो, त्यामुळे अतिनील कॅमेऱ्यातून पाहिलं तर मध्याभोवती ठळक गडद वर्तुळ दिसतं, नेमबाजीच्या चकतीसारखं. बऱ्याच फुलांवर असे पट्टे, ठिपके, वर्तुळं असतात आणि ती मधाच्या जागेकडे बोट दाखवतात.

आपल्याला न दिसण्याचं कारण थोडं गमतीशीर आहे. आपल्या दृष्टिपटलाला अतिनील अगदीच कळत नाही असं नाही, पण डोळ्यातलं भिंगच ते बाहेर अडवतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंग काढून कृत्रिम भिंग न बसवलेल्या लोकांना जवळचा अतिनील प्रकाश निळसर-पांढुरका दिसतो अशी वर्णनं आहेत. (हे वाचून कोणी अतिनील दिव्याकडे टक लावून बघायला जाऊ नका, डोळ्याची वाट लागेल.) आता भिंग हे का अडवतं, तर एक म्हणजे अतिनीलमुळे दृष्टिपटलाचं नुकसान होतं आणि दुसरं म्हणजे छोट्या तरंगलांबीचा प्रकाश भिंगातून नीट एका जागी फोकस होत नाही, प्रतिमा पुसट होते. आपल्यासारख्या बारीक बघणाऱ्या आणि बरीच वर्षं जगणाऱ्या प्राण्याला ते परवडणारं नाही. कुत्र्यामांजरांचं भिंग मात्र यातला बराचसा प्रकाश आत सोडतं, २०१४ मध्ये हे मोजलं गेलं, पण त्याचा त्यांना नेमका उपयोग काय होतो ही वेगळी गोष्ट.

प्रश्न: मुलाची शाळेत डोळे तपासणी झाली, त्याला लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे असं सांगितलं. घरात कोणालाच नाही. त्याला कुत्र्यासारखं दिसतं का? काही उपाय?

सर्वप्रथम, काळजी वाटणं साहजिक आहे पण याचा अर्थ नजर अधू आहे असा नाही. आणि 'घरात कोणालाच नाही' हे म्हणजे 'घरात कोणाला दिसून आलं नाही' एवढंच. लाल आणि हिरव्या शंकूपेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात, मुलग्याला एक्स एकच आणि तो आईकडून येतो. आईचा दुसरा एक्स ठीक असेल तर तिला स्वतःला काहीच जाणवत नाही. म्हणून तर उत्तर युरोपातल्या वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण ८ टक्के आणि बायकांत अर्धा टक्का आहे, इतर ठिकाणी पुरुषांतलं प्रमाण थोडं कमी, पण नियम तोच. यात दोष कोणाचाच नाही हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा, कारण असल्या बाबतीत आईला बोल लावायला लोकांना वेळ लागत नाही.

यातल्या बहुतेक मुलांच्या पेशी तीनच असतात, फक्त लाल आणि हिरवी एकमेकींच्या जास्त जवळ सरकलेली असते त्यामुळे फरक कमी कळतो. एक पेशी पूर्णच नाही असे लोक त्याहून कमी, आणि त्यांच्या बाबतीत कुत्र्याशी तुलना थोडीफार जुळते, पण रंगापुरतीच. बारकावे टिपण्यात माणूस कुत्र्याच्या खूप पुढे आहे. जॉन डाल्टन, ते अणुसिद्धांतवाले, याच प्रकारचे होते. १७९४ मध्ये त्यांनी स्वतःच्या नजरेवर निबंध वाचला, त्यांना वाटायचं की आपल्या डोळ्यातला द्रव निळा असणार आणि तोच लाल रंग गाळत असणार. मेल्यावर डोळा उघडून बघा असं सांगून ठेवलं होतं, १८४४ मध्ये बघितलं तर द्रव स्वच्छ पाण्यासारखा. त्यांच्या डोळ्याचे अवशेष जपून ठेवलेले होते आणि १९९५ मध्ये त्यातला डीएनए तपासला तेव्हा कळलं की हिरव्या पेशीचं जनुकच नव्हतं. दीडशे वर्षांनी रिपोर्ट आला म्हणायचा.

उपायाचं म्हणाल तर २००९ मध्ये जन्मतः लाल-हिरवं न कळणाऱ्या स्क्विरल माकडांच्या डोळ्यात जनुक घातलं आणि त्यांना प्रौढपणी ते रंग वेगळे ओळखता यायला लागले, त्यातल्या एका माकडाचं नाव डाल्टनच ठेवलं होतं! पण माणसात हा नेहमीचा उपचार अजून झालेला नाही. जाहिरातीतले चष्मे काही लोकांना काही रंगांमधला फरक ठळक करून दाखवतात, नवीन पेशी देत नाहीत, तेव्हा मोठी रक्कम घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. शाळेत मात्र शिक्षकांना जरूर सांगा, नकाशे आणि आलेख नुसत्या लाल-हिरव्या रंगावर समजावू नका म्हणून. आणि मुलाला हेही सांगा की कॅप्युचिन माकडांवरच्या निरीक्षणात दोन पेशीवाली माकडं पानाखोडावर लपलेले किडे पकडण्यात तीन पेशीवाल्यांपेक्षा वरचढ निघाली. रंग कमी असले की रंगाच्या सोंगाला माणूसही कमी फसतो.

प्रश्न: पण मग मुळात कुत्र्यांना दोन आणि आपल्याला तीन, असं का? उत्क्रांतीत आपण पुढे म्हणून का?

पुढे-मागे सोडा, उलट आपण गमावून परत थोडं कमावलेले लोक आहोत. पाठीचा कणा असलेल्या जुन्या प्राण्यांकडे चार प्रकारच्या शंकूपेशी होत्या, पक्ष्यांकडे, बऱ्याच सरड्यांकडे आणि घरातल्या काचेच्या टाकीत फिरणाऱ्या गोल्डफिशकडे आजही चार आहेत. सस्तन प्राणी डायनोसॉरच्या काळात बराच काळ रात्रीचे लपूनछपून जगले असं मानलं जातं, अंधारात रंगांचं काम नाही, त्यात दोन प्रकार गळाले. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या आणि आपल्या समाईक पूर्वजात काही कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार झाली, ती हळूहळू बदलली आणि तिसरी पेशी मिळाली. पिकलेली फळं, कोवळी लालसर पानं, चेहऱ्यावरची लाली, यापैकी नक्की कशासाठी ती टिकली यावर वाद आहे, मला स्वतःला फळं आणि पानं दोन्ही पटतात. व्हेल आणि सील तर आणखी उलट्या दिशेने गेले, त्यांची निळी पेशीही गेली आणि एकच प्रकार उरला.

प्रश्न: वाघ भडक केशरी असून जंगलात लपतो कसा? हिरवा असता तर बरं नव्हतं का?

ज्याच्यापासून लपायचं त्या हरणाच्या दृष्टीने तो हिरवाच आहे हो! हरणाला दोन पेशी, म्हणजे केशरी आणि हिरवं जवळपास एकाच खात्यात. मग पट्टे गवताच्या सावल्यांत मिसळतात आणि काम झालं. हिरव्या केसांचं म्हणाल तर सस्तन प्राण्यांच्या केसात रंगद्रव्यं दोनच, एक काळं-तपकिरी आणि एक पिवळं-तांबूस, त्यातून केशरी निघतो, हिरवा निघत नाही. (स्लॉथचे केस हिरवट दिसतात पण ते त्यावर वाढलेलं शेवाळ.) आपल्याला वाघ लगेच दिसतो तो आपल्याला तिसरी पेशी आहे म्हणून.

प्रश्न: कावळा नर की मादी हे आपल्याला कळत नाही, त्यांना कसं कळतं? रंगाचा काही संबंध?

कावळ्यापुरतं नको बोलायला, आवाज, वागणूक बऱ्याच गोष्टी असतात. पण गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटाबद्दल २००५ मध्ये एक झकास हिशोब छापून आला. नर-मादी आपल्याला सारखेच दिसतात अशा १३९ जातींच्या पिसांवरून परत येणारा प्रकाश मोजला आणि तो पक्ष्याच्या डोळ्याच्या गणितात घातला, तर ९० टक्क्यांहून जास्त जातींमध्ये नर-मादी पक्ष्याला वेगळे दिसायला हवेत असं निघालं. युरोपातल्या ब्लू टिट या चिमुकल्या पक्ष्याच्या डोक्यावरचा निळा ठिपका नराचा अतिनीलमध्ये जास्त चमकतो, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे पुस्तकात 'नर-मादी सारखे' असं वाचाल तेव्हा त्यापुढे 'आपल्याला' हा शब्द मनात जोडा. पक्ष्यांच्या शंकूपेशीत वर तेलाचे रंगीत थेंब असतात, ते फिल्टरचं काम करतात आणि जवळच्या रंगांमधला फरक अजून स्पष्ट होतो. रंगांच्या बाबतीत त्यांच्या समोर आपली काही टिकाव धरण्याची ऐपत नाही.

प्रश्न: मँटिस श्रिंप या कोळंबीसारख्या समुद्री प्राण्याला १६ रंगपेशी, म्हणजे त्याला आपल्यापेक्षा लाखो रंग जास्त दिसतात. हे व्हिडिओत बघितलं, खरं ना?

व्हिडिओ मीही बघितलेत आणि दरवेळी चिडचिड होते. रंगासाठीच्या पेशी १६ नाही पण १२ प्रकारच्या, एवढं खरं. पण २०१४ मध्ये त्याची परीक्षा घेतली तेव्हा निघालं की दोन रंगांत १२ ते २५ नॅनोमीटरचं अंतर असेल तरच त्याला फरक कळतो, माणसाला बऱ्याच भागात १ ते ४ पुरतं. म्हणजे बारीक छटा ओळखण्यात तो आपल्यापेक्षा वाईट! असं दिसतं की तो पेशींची तुलना करत बसत नाही, कुठली पेशी पेटली त्यावरून रंग पटकन ओळखतो. एका फटक्यात शिकार फोडणाऱ्या, छोट्या मेंदूच्या प्राण्याला झटपट ओळखणं जास्त कामाचं. पेशी किती हे मोजून रंग किती हे ठरत नाही, त्यांचं पुढे काय करता ते महत्त्वाचं.

प्रश्न: रात्री कोणाला रंग दिसतात का?

आपल्याला नाही, चांदण्यात दंडपेशीच काम करतात आणि त्या एकाच प्रकारच्या. पण एलिफंट हॉकमॉथ हा पतंग ताऱ्यांच्या उजेडात निळी-पिवळी कृत्रिम फुलं रंगावरून निवडतो, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. निशाचर पालींमध्येही असं आढळलंय.

प्रश्न: ऑक्टोपस क्षणात रंग बदलतो, म्हणजे त्याला सगळ्यात भारी रंग दिसत असणार?

धक्का बसेल, पण बहुतेक ऑक्टोपसच्या डोळ्यात रंगद्रव्य एकच, म्हणजे नेहमीच्या अर्थाने तो रंगांधळा. तरी तो आजूबाजूच्या उजळपणाशी, नक्षीशी, खडबडीतपणाशी इतकं छान जुळवून घेतो की बघणाऱ्याला रंगही जुळल्यासारखे वाटतात. त्याच्या कातडीतही प्रकाश ओळखणारे रेणू आहेत, २०१५ मध्ये कातडीचा सुटा तुकडा प्रकाशात धरला तर तो आपला आपण रंग बदलतो असं दिसलं. एक कल्पना अशीही मांडली गेलीय की त्याच्या चमत्कारिक आकाराच्या बाहुलीमुळे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतात आणि फोकस मागेपुढे करून तो रंग ताडत असावा, पण यावर सगळ्यांचं एकमत नाही. त्याच्या नात्यातला जपानजवळचा चमकणारा फायरफ्लाय स्क्विड मात्र अपवाद, त्याच्याकडे तीन रंगद्रव्यं आहेत.